लाल ठिपका

मिस्त्रीनं चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा नाकावर घेतला, तरी इंजिनाच्या दातेरी पुलीवर खुणा दोनच. एक पांढरी रेघ, ती त्याची. तिच्या दोन दाते अलीकडे इवलासा लाल ठिपका. आता हा कुणाचा?

नवा वॉटर पंप बसवून झाला होता. जुन्याचं बेअरिंग पार गेलं होतं आणि इंजिनाचं पाणी महिनाभर ठिबकत होतं. आता राहिला होता टायमिंग बेल्ट. पंप काढायचा तर आधी तो उतरवावा लागतो, आणि परत चढवताना खुणेला खूण जुळवावी लागते. डिझेल इंजिनात इथे हयगय चालत नाही. दोन दाते चुकले की इंजिनाचा बोऱ्या वाजलाच म्हणून समजा. टायमिंगमध्ये मिस्त्रीचा हात धरणारा कुणी नाही, असं लोक उगाच म्हणत नव्हते.

आपणच केला असेल का हा ठिपका? पण कधी? त्यानं डोकं खाजवलं, पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. काही केल्या आठवेना. मुलीला विचारायची तर सोयच नव्हती. गॅरेज आता तीच बघते. गेल्या महिन्यात त्याच्या हातून ऑइलचा बोल्ट आवळायचा राहिला, तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, आणखी एकदा असं झालं तर इंजिनाला हात लावायचा नाही. काउंटरवर बसायचं." चाळीस वर्षं इंजिनं उघडलेल्या माणसानं काउंटरवर बसून काय माश्या मारायच्या?

त्यानं आपल्या रेघेवर भरवसा टाकला. बेल्ट चढवला, खाली पाना लावून इंजिन हातानं सावकाश फिरवलं. पाऊण फेरीत पाना अडला, म्हणजे खूण चुकली होती. त्यानं जोर लावला नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. घाम पुसून बेल्ट पुन्हा उतरवला आणि नाइलाजानं लाल ठिपक्याला जुळवला. एक फेरी झाली, दुसरी झाली. पाना कुठेच अडला नाही.

"लाल बरोबर निघाला ना?"

मुलगी मागेच उभी होती, हातात कूलंटचा डबा घेऊन.

"तू केलास तो?"

"हो. कव्हर काढलं की तुम्ही हात धुवायला जाता ना, तेव्हा. तुम्ही आधी बेल्ट ढिला करता आणि मग रेघ ओढता, बाबा. तोवर पुली सरकलेली असते. एरवी मी तुमची रेघ पुसून ठिपक्यावर नवी ओढते, आज तेवढं राहिलं."

मिस्त्री खाली बसला. "मी विसरायला लागल्यापासून करतेस?"

तिनं खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. झाकण चिरलेलं होतं. ती बाटली त्यानं लगेच ओळखली. घरी आरशापाशी असायची, बायको होती तोवर.

"मी तीनच वर्षं करतेय," मुलगी म्हणाली. "त्याआधी आई करायची. जेवणाचा डबा घेऊन यायची ना दुपारी, तेव्हा. तिनंच मला शिकवलं."

रागवावं, हसावं की रडावं, मिस्त्रीला कळेना. बायको रोज यायची, त्याचं जेवण होईपर्यंत इंजिनापाशी उभी राहायची. त्याला वाटायचं, नवऱ्याचं काम कौतुकानं बघतेय.

"म्हणजे हे वयामुळे नाही?"

"कसलं वय! पहिल्यापासून असेच आहात तुम्ही."

"मग मी काउंटरवर बसू?"

"नको रे बाबा! गिऱ्हाइकांशी भांडाल. बोल्ट मात्र दोनदा आवळून बघायचे."

दुपारून दुसरी गाडी आली, तिचाही पंप गेलेला. मिस्त्रीनं कव्हर काढलं आणि नळावर गेला. हात चांगले दोनदा धुतले. मग जरा मागे वळून पाहिलं, आणि पुन्हा साबण घेतला.