ताटकळलेला प्रोग्राम

बस डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत आत्या एकोणीस वर्षं होती. खरी आत्या ती फक्त शेजारच्या कॉम्प्युटर खोलीतल्या भाचीची. पण भाची दिवसातून चाळीस वेळा हाक मारायची, त्यामुळे सगळा डेपो तिला आत्याच म्हणायचा.

मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांत मात्र ही खोली खुपायची. दारावर त्यांच्याच सहीची पाटी होती : 'वस्तू विसरणारे लोक बेजबाबदार असतात.' दर मंगळवारी ते खिडकीशी येत, पाच मिनिटं गप्प उभे राहत आणि पाय आपटत निघून जात. या मंगळवारी मात्र बोलले.

"चार वाजता सगळ्या वस्तूंची यादी हवी, फळीवार. नसेल तर खोलीला कुलूप आणि तुम्ही पार्किंगच्या फाटकावर."

भाचीने यासाठीच एक प्रोग्राम लिहिला होता. काळ्या पडद्यावर 'लाव' टाइप करायचं, पुढे फाईलचं नाव द्यायचं, एंटर दाबायचं; यादी फळीवार लागून हजर. पण भाची नेमकी दाताच्या डॉक्टरकडे. आत्याने आपल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने 'लाव' लिहिलं आणि थेट एंटर दाबलं.

पडदा गप्प. नुसता कर्सर लुकलुकत होता.

"लागला कामाला," आत्या समाधानाने म्हणाली.

दोन वाजता तिने पंखा त्याच्याकडे वळवला. अडीचला तिकीट तपासनीस शिंकला, त्याला बाहेर काढलं. तीन वाजता तो दारातूनच कुजबुजला, "झालं का हो?"

"एकशे बारा वस्तू आहेत, चेष्टा आहे का? विचार करतोय तो."

सव्वातीनला भाची आली. अर्धा गाल बधिर होता, त्यामुळे तिचं आश्चर्य एकाच बाजूला उमटलं.

"आत्या, हा काहीच करत नाहीये! फाईलचं नाव कुठाय? ते दिलं नाही की त्याला वाटतं, तूच आता टाइप करून सांगणार. तुझी वाट बघत बसलाय तो."

"अगं, मग बोलायचं ना मेल्याने!"

"तो बोलत नाही. नुसता थांबतो. असू दे, फाईल देते. शेवटची कधी भरलीस?"

"गेल्या वर्षी."

"आणि नंतरच्या वस्तू?"

"डोक्यात आहेत. आधीच्यापण."

भाचीने खुर्ची ओढली. "मग सांग. थांबलाच आहे तो."

"फळी तीन, बूट, डाव्या पायाचे, सात. फळी एक, कवळी, वरची. फळी एक, कवळी, खालची, मालक वेगळा. फळी सहा, भिंतीवरचं घड्याळ, चालू, दहा मिनिटं मागे..."

चारला पाच कमी असताना साहेब आले आणि स्टुलावर बसले.

"फळी दोन, छत्री, पिवळी, मुठीला बदकाचं डोकं, एक डोळा नाही."

साहेबांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. त्यांनी तो खोकल्यात मिसळला.

एकशे बारावी वस्तू सांगून झाली, तरी पडदा ढिम्म.

"आता काय हवंय याला?"

"संपलं म्हणून सांगावं लागतं. नाहीतर जन्मभर बसेल." भाचीने कंट्रोल आणि डी ही दोन बटणं एकदम दाबली. डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी फळीवार लागली.

साहेबांनी ती छापून घेतली, वाचली, घडी घातली. चूक एकही नव्हती. तरी ते उठेनात.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग लुकलुकणाऱ्या कर्सरकडे, मग परत त्यांच्याकडे. इतके मंगळवार! तिने कोरा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

"साहेब, तुमचं काय हरवलंय?"

साहेबांचे खांदे खाली आले. "बदक," ते म्हणाले. "पाटी मीच लावलेली. विचारणार कसा? तुम्हीही कधी विचारलं नाहीत."

"तुम्ही बोलला नाहीत."

छत्री मिळाली तशी त्यांनी तिथेच उघडली आणि तिच्याखाली बसून राहिले. चेहरा नुकतं दूध प्यालेल्या बाळासारखा.

"कुलपाचं काय करायचं?" भाचीने विचारलं.

"कुठलं कुलूप?" छत्रीखालून उत्तर आलं.

"यांचंही संपलं एकदाचं सांगून," आत्या म्हणाली, आणि तिने पंखा साहेबांकडे वळवला.