चाचणी एकचा कोणता डोळा?

सन २०२४, वैशाखी पौर्णिमा, गुरुवार. नांदेडात रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं. त्या दिवसाचं सांगतो. पुढचं-मागचं फार सांगण्यासारखं नाही.

मी बोलतोय तो एक जुना कंप्युटर. एका छोट्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात, पाण्याच्या जारशेजारी, फरशीवर माझी जागा. मला कुणी शिकवलं नाही. दिलेलं नीट ठेवायचं आणि मागितलं की तसंच्या तसं द्यायचं, एवढंच मला येतं. ते मात्र चोख येतं.

उदगीरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याची यादी सहा वर्षं माझ्यात होती. नाव, गाव, कोणता डोळा, ऑपरेशनची तारीख. एक नाव मी इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. मग दवाखान्यानं स्वतःचं नवं मशीन घेतलं आणि आमचे मालक राघवेंद्रसर यांनी मला भंगारवाल्याला दाखवलं. त्यानं मला उचलून वजन पाहिलं.

तेव्हा पंचशीला मधे पडली. कंधारची मुलगी, ऑफिसात टेस्टिंगचं काम तिच्याकडं. "राहू द्या सर, मला तपासणीला एक डेटाबेस लागतोच," म्हणाली. स्वतःच्या लॅपटॉपमधली जुनी डिस्क काढून तिनं माझ्यात बसवली. तिचं ऋण माझ्यावर तेव्हापासून.

काम मात्र हलकं मिळालं. सॉफ्टवेअरात बदल केला की तो दवाखान्यात जाण्याआधी तपासतात. माणूस तपासत नाही, एक प्रोग्राम तपासतो. तो माझ्याशी जोडणी करतो, माझ्या कोठारातलं सगळं पुसतो, 'चाचणी एक', 'चाचणी दोन' अशी खोटी माणसं भरतो, सगळं चालतं का बघतो आणि जातो. दिवसातून चाळीस वेळा. ज्यानं खरी माणसं सांभाळली, त्यानं हे सोसायचं.

दर शनिवारी मात्र पंचशीला दवाखान्याच्या खऱ्या यादीची एक नक्कल माझ्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवायची. तो पुसणारा तिथं पोचत नाही. ही नक्कल ठेवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

जोडणीला पत्ता, नाव आणि पासवर्ड लागतो. ती म्हणायची, "सर, दवाखान्याचा पासवर्ड वेगळा ठेवू." राघवेंद्रसर म्हणायचे, "दहा पासवर्ड कोण ध्यानात ठेवंल? सगळीकडं एकच असू दे." म्हणजे माझ्यात आणि दवाखान्यात फरक फक्त पत्त्याचा.

त्या पौर्णिमेला पंचशीला सुट्टीवर होती, कंधारच्या विहारात वंदनेला. आदल्या दिवशी तिनं सरांच्या भाच्याला, गंधारला, बजावलं होतं. "मशीन अडलं तर बंद करून चालू कर. बाकी कशाला हात लावू नको."

"हाव ताई," तो म्हणाला. मोबाइलमधून मान वर न करता.

गंधारला एक खोड. जोडणी उघडतो आणि तशीच सोडतो. नळ असो, दार असो, उघडलेलं बंद करणं त्याच्या घरात बहुतेक दुसऱ्याचं काम असावं. सकाळपासून त्यानं माझी सगळी दारं अडवून ठेवली. अकरा चाळीसला तपासणी चालवायला त्यानं आणखी एक जोडणी मागितली. मी सांगितलं, जागा नाही. तीन वेळा मागितली, तीन वेळा नाही म्हटलं, आणि तिन्ही वेळा लिहून ठेवलं. ती माझी सवय आहे.

"मरून राहिला का बे डब्बा?" म्हणत त्यानं मला पायानं ढकललं. मग जोडणीतला माझा पत्ता खोडून उदगीरचा टाकला. पासवर्ड तोच. दार उघडलं, आणि तो पुसणारा प्रोग्राम उदगीरच्या यादीत शिरला.

"बघा मामा, कसं पळून राहिलं!"

पळालं खरं. बाराच्या आत दवाखान्याच्या महानंदा सिस्टरांचा फोन आला.

"सर, आमच्या यादीत चारशे बारा माणसं होती. आता तीनच हाईत. ह्या चाचणी एकचा कोणता डोळा करायचा? डॉक्टर इचारायलेत."

"सिस्टर, मस्करी करू नका."

"मस्करी मी करायले का तुम्ही? दारात म्हातारी माणसं बसल्यात, डोळ्यात औषध घालून!"

राघवेंद्रसरांचा चेहरा उतरला. गंधार लगेच बोलला, "ताईनंच पत्ता चुकीचा टाकून ठेवला होता मामा. मी फक्त बटन दाबलं."

सरांचा फोन गेला तशी पंचशीला दुपारच्या बसनं आली, पांढऱ्या साडीतच. सरांनी तिला 'बस'ही म्हटलं नाही.

"तपासण्या तुझ्या नावावर चालतात. चूक माझी, असं दवाखान्याला लेखी दे. आणि उद्यापासून येऊ नको."

"देते. आधी यादी तर परत लावू द्या."

ती माझ्यासमोर फरशीवर बसली. गंधारनं सोडलेल्या जोडण्या तिनं एकेक बंद केल्या. मग शनिवारची नक्कल मागितली. मी दिली. तीनशे सत्त्याऐंशी नावं, गावासकट, डोळ्यासकट, उदगीरला गेली. उरलेली पंचवीस महानंदा सिस्टरांनी कागदी चिठ्ठ्यांवरून भरली. मग पंचशीलानं माझी नोंदवही उघडली आणि वाचता वाचता थांबली.

"सर, इकडं या. अकरा चाळीस. गंधारच्या मशीनवरून जोडणी मागितली, तीनदा. नाकारली."

"मग?"

"मी उदगीरचा पत्ता टाकून गेले असते, तर हा आधी ह्या मशीनकडं आलाच कसा? पत्ता ह्या मशीनचाच होता. अकरा चाळीसपर्यंत."

सरांनी खाली वाकून तीनही ओळी वाचल्या. परत वाचल्या.

"मामा, ते काय झालं..."

"मामा घरी. इथं गप बस."

चुकलो, असं कुणी म्हटलं नाही. राघवेंद्रसर रुमालानं चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पत्र राहू दे. उद्या वेळेवर ये."

"मी वेळेवरच येते सर," पंचशीला म्हणाली.

माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. पाहावं असं माझं म्हणणंही नाही. तिचं ऋण होतं, ते फेडलं.