वाडग्यातलं पाणी

मुलीचं दार बंद होऊन चौथा महिना लागला होता. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं, रिकामं झालं की उचलायचं, एवढाच माय-लेकींचा संबंध. आईने आरडाओरडा केला, मग हातही जोडले. दार फोडलं तर पोर कायमची हातची जाईल, एवढं तिला कळत होतं.

आतून आवाज यायचा तो खेळाचा. मुलगी कॉम्प्युटरवरून मैत्रिणींना जुन्या फ्रान्सच्या लढाया खेळवायची. त्या सरदार नाहीतर गवंडी व्हायच्या, बाकी सगळं जग हिने बोलून उभं करायचं. नऊ दिवसांपूर्वी तेही थांबलं. आज सकाळचं ताट तसंच राहिलं.

आईने त्यांतल्या एका चष्मेवाल्या मैत्रिणीचं घर गाठलं. "काय केलंत गं माझ्या पोरीचं?"

"काकू, खेळात किल्ल्याला वेढा पडलाय. शत्रू भुयार खणून तट पाडणार. कुठे खणतोय ते आम्हाला ओळखता येईना. ती म्हणाली, माझाच पत्ता कुणाला लागत नाही, भुयाराचा काय लागणार! आणि बंद केलं."

आई तिथून तडक वाचनालयात. "फ्रान्सचे किल्ले काढा. वाचायचंही तुम्हीच, माझं नि अक्षरांचं पटत नाही."

"कशाला हवंय, आजी?" ग्रंथपालाने विचारलं.

"आजी असेल तुमच्या घरी. वाचा."

त्याने सरदारांपासून सुरुवात केली. चिलखतं झाली, घोडे आले.

"घोडे मरू द्या हो! जमिनीखाली खणणारा कसा सापडायचा?"

त्याने पानं उलटली आणि वेढ्याचं पान वाचलं. तटाशी पाण्याने भरलेली भांडी ठेवत. खाली कुदळ पडली की पाणी थरथरे.

आई धापा टाकत घरी आली. वाडगा काठोकाठ भरून दाराशी लाकडी जमिनीवर ठेवला आणि शेजारी पालथी पडली. पाणी गप्प. आपल्याच श्वासाने हलेल म्हणून तिने तोंडावर पदर दाबला. तरी गप्पच.

"अगं ए," दाराखालच्या फटीपाशी ती म्हणाली. आवाज फाटला. "मी किल्ल्यातली धुणंवाली. तटाशी वाडगा ठेवलाय. तुझे खणणारे मेले काय? पाणी हलत नाही गं. एक कुदळ तरी मार."

तिने वाडग्यावर नजर रोखली. आईचं कपाळ जमिनीला टेकलं.

मग पाण्यावर एक बारीक वलय उठलं.

"धुणंवालीला कुणी शिकवलं हे?" आतून कोरडा, घोगरा आवाज आला.

'दार उघड, मग सांगते' हे आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा तिने बोलणं गिळलं.

"अजून एकदा मार," ती म्हणाली. "नीट दिसलं नाही मला."