अंगात शिरलेला वारा

आमच्या क्लातेन गावात विषाणूने कुणी आजारी पडत नाही. प्रत्येकाच्या अंगात वाराच शिरतो. उपचारही एकच: उघड्या पाठीला तेल लावायचे आणि नाण्याच्या कडेने लाल पट्टे उमटेपर्यंत खरवडायचे. पट्टे जितके लाल, तितका वारा दांडगा आणि खरवडणारी थोर. माझी आई फार थोर आहे.

रविवारी रेत्नोवतीला मागणी घालायला जायचे होते आणि मी तीन दिवस सर्दी-तापाने फणफणत होतो. शनिवारी आईने माझी पाठ वाघासारखी पट्टेरी केली. रविवारी सकाळी, जिथे नाणे कधी पोहोचलेच नव्हते त्या छातीवर, दंडांवर, गालांवर बारीक लाल पुरळ उमलले होते. क्षणभर मला ते सुंदरही वाटले. माझ्यात असे काही उमलण्याची सवय मला नव्हती.

"बघ सुगेंग, किती वारा होता! आता आपणहून बाहेर पडतोय," आई हर्षाने म्हणाली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना हर्ष झाला नाही. "सर्दीच्या विषाणूनेही असं पुरळ येतं. पण गोवरही असू शकतो. रक्ताचा निकाल येईपर्यंत घराबाहेर पडू नका. गरोदर बाईजवळ तर मुळीच नको."

रेत्नोवतीच्या थोरल्या बहिणीला सातवा महिना होता.

"इंजेक्शन दिलं नाही, ती कसली डॉक्टर?" घरी येताच आई कडाडली. "पावडर थाप आणि चल!"

आजवर कुणालाही नकार न दिलेल्या मी रेत्नोवतीला फोन करून येत नसल्याचे कळवले. पलीकडे गलका उठला.

"आई म्हणतेय, तुझ्या आईला नीट खरवडता येत नसेल," ती हताशपणे म्हणाली. "ती स्वतःच निघालीय. ताईला घेऊन."

दारावर थाप पडली तेव्हा मी कडी घालून दाराला पाठ टेकवून उभा होतो.

"काढ कडी, मेल्या! विहीणबाई उन्हात उभ्यात!" आई माझा दंड ओढत ओरडली.

"राहू द्या," बाहेरून थंड आवाज आला. "सासूच्या तोंडावर दार लावणारा जावई आम्हाला नको."

मी दाराआडूनच ओरडलो, "ताई, गोवर असला तर बाळाला धोका आहे. परत जा."



"आई, चल," बाहेरून ताई म्हणाली. "माझा नवरा तापात फणफणत माझ्याच शेजारी खोकत झोपला होता. त्याला तू देवमाणूस म्हणतेस. रेत्नोला हाच बरा."

पावले दूर गेली. आईने कपाळावर हात मारला.

"गरोदर बायकांना कुठे काय कळतं!"