पाठीवर करार लिहिलेला दरवाजा

मित्रांनो, मी न्हाणीघराचा एक जुना दरवाजा आहे. रुंदी चोवीस इंच. ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सारे रामायण तिच्यामुळे घडले.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. सुतार हाताचा चांगला होता. त्याने मला रंधा मारला, फिकट पिवळ्या तेलरंगाचे दोन हात दिले आणि चांगले-वाईट काही न बोलता उन्हात उभे केले. पुढे एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मला बसवले. तिथे मी तीस वर्षे उघडलो आणि मिटलो. न्हाणीघराच्या दरवाज्यावर लोक थापा मारतात त्या 'लवकर आटपा' म्हणून. त्या मी शाबासकीच्या खाती धरल्या, कारण दुसऱ्या मिळाल्या नाहीत.

घरात माणसे दोन. अण्णा एका कचेरीच्या रेकॉर्ड खोलीतून निवृत्त झालेले. मूळ कागद सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती आणि नक्कल या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांची बायको माई. माई घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि इस्पितळातून त्या वॉकर धरून घरी आल्या. वॉकर सव्वीस इंचांचा होता.

दोन इंचांसाठी ठेकेदार बोलावला गेला. त्याला सारी वस्ती 'होऊन जाईल' म्हणत असे, कारण काहीही विचारले तरी त्याचे उत्तर तेच.

"चौकट रुंद करायची, उंबरा काढायचा, आणि हिला धरायला भिंतीत दांडा हवा," अण्णा म्हणाले.

"होऊन जाईल."

"लिहून द्याल?"

"देतो की." त्याने कानावरची पेन्सिल काढली. कागद मागण्याची त्याला सवय नव्हती. समोर जे असेल, भिंत म्हणा, फळी म्हणा, त्यावर तो लिहायचा. त्या दिवशी माझी पाठ समोर होती. त्याने लिहिले: चौकट छत्तीस इंच. उंबरा काढून उतार. स्टीलचा दांडा. फरशी खरखरीत. दीड महिना. खाली सही केली, तारीख घातली, आणि काहीतरी आठवल्यासारखे करून आणखी एक ओळ खरडली: मेहुण्याचा पाना परत देणे.

अण्णांनी सही दोनदा वाचली. "याला म्हणतात मूळ दस्त," ते माईंना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला बिजागऱ्यांवरून उतरवले. चौकट फोडली, उंबरा अर्धा उखडला आणि त्यावर वीतभर उंच सिमेंटचा ढिगारा ओतून 'होऊन जाईल' निघून गेला. पूर्वी माई निदान कुणाचा हात धरून आत जात. आता तेही बंद झाले. फोन केला की तो उचलायचा. फोन न उचलणारा माणूस नव्हता तो. "दोन दिवसांत होऊन जाईल," म्हणायचा.

संडास वेगळा होता हे नशीब. अंघोळीसाठी स्वयंपाकघरात सिंकजवळ खुर्ची मांडली गेली. आडोसा म्हणून मला दोन स्टुलांना टेकवून आडवे उभे केले, लिहिलेली बाजू आत. माई खुर्चीवर बसून तांब्याने पाणी घेत आणि समोर माझी पाठ वाचत. दुसरे काही बघण्यासारखे नव्हते. पहिल्या महिन्यात त्यांना लाज वाटली, मग काही दिवस राग आला, त्यानंतर त्या नुसत्या अंघोळ करू लागल्या. मीही नुसता उभा राहिलो. लाकडाला ते अवघड जात नाही. माणसांनाही जमते, हे मला तेव्हा कळले.

तळमजल्यावरच्या वकीलबाई एकदा वर आल्या. माई तेव्हा माझ्यामागे अंघोळीला बसल्या होत्या.

"आधी लेखी नोटीस पाठवा," वकीलबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांची मुदत द्या. नाही ऐकलं तर ग्राहक मंचात तक्रार. समेट करायचा तर तोही मंचासमोर करा, बाहेर तोंडी नको. दिवाणी दावाही लावता येतो, पण तो नातवंडांना पुरेल."

"आम्हाला नातवंडं नाहीत," माई आडोशातून म्हणाल्या.

"मग मंचच बरा."

"आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून करून घेतलं तर?" अण्णांनी विचारले.

"घेता येईल, खर्चही याच्याकडून मागता येईल. पण आधी मंचाच्या माणसाला मोडतोड बघू द्या. तोवर कशाला हात लावू नका." त्यांनी फोन काढला. "करार दरवाज्यावर आहे म्हणता ना? फोटो घेते."

"आत मी आहे," माई म्हणाल्या.

"बरं, मग काका, उद्या आठवणीनं काढून ठेवा."

"मूळ घरात उभं असताना नक्कल कशाला?" अण्णा म्हणाले, आणि फोटो राहिला तो राहिलाच.

नोटीस गेली. उत्तर आले की भिंत फोडण्यापलीकडे काही ठरलेच नव्हते. मंचात तक्रार दाखल झाली. तारखा पडू लागल्या. चौदा महिन्यांनी पाहणीचा दिवस ठरला आणि आदल्या दिवशी अण्णांची थोरली बहीण मदतीला आली. आक्कांना घर लखलखीत लागते. माई झोपल्या होत्या, अण्णा फायलीला पुठ्ठा आणायला गेले होते. तासाभरात आक्कांनी ओटा घासला, खिडक्या पुसल्या, आणि मग फडक्यावर साबणाची पूड घेऊन माझ्या पाठीकडे आल्या.

मी ओरडलो नाही. दरवाजे फक्त कुरकुरतात, आणि त्यालाही बिजागऱ्या लागतात.

अण्णा परतले, माझ्याकडे पाहून खाली बसले.

"बघ, कसा निघाला," आक्का म्हणाल्या. "परका माणूस घरात येणार आणि दारावर ही गिचमीड."

"आक्के, तो आपला करार होता."

"मग कागदावर नाही का लिहायचा?"

आक्का मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. पाहणीच्या अहवालात ढिगारा आला, फुटकी चौकट आली, आणि शेवटी एक ओळ: दरवाजा स्वच्छ आढळला.

तरीही सुनावणीला अण्णांनी मला टेम्पोत घालून नेले. मूळ ते मूळ. दाराशी शिपायाने विचारले, "कुठं बसवायचाय?"

"बसवायचा नाही, दाखवायचाय," अण्णा म्हणाले.

मला भिंतीला टेकवले. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी कोरा. 'होऊन जाईल'नेही पाहिले आणि खुर्चीत मागे टेकला. "बघा साहेब, काय लिहिलंय? काही नाही. मला भिंत फोडायला सांगितली, मी फोडली."

वकीलबाईंनी माईंना उभे केले. माई वॉकर धरून माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात बघत तशाच बघत होत्या.

"चौकट छत्तीस इंच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हते. "इंच लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, म्हणून पुढचं जाड. उंबरा काढून उतार. स्टीलचा दांडा. फरशी खरखरीत. दीड महिना. सही. तारीख बावीस. त्याखाली, मेहुण्याचा पाना परत देणे."

"पाना दिला मी परत," 'होऊन जाईल' म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी दिला. उगाच बदनामी नको."

खोलीत पंखा फिरत होता. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे हे तुम्हीच लिहिलं होतं?"

आयुष्यात प्रथमच त्याने 'होऊन जाईल' म्हटले नाही. "हो," म्हणाला.

निकाल लागला: दुसऱ्याकडून काम करून घ्यावे, खर्च ठेकेदाराने सोसावा. दुसऱ्या मिस्त्रीने अकरा दिवसांत सगळे उरकले. छत्तीस इंचांच्या चौकटीत मी कसा बसणार? नवा दरवाजा आला. माई वॉकर घेऊन एकट्या आत गेल्या, कडी लावली. बाहेर अण्णा आणि आक्का उभे. अर्ध्या तासाने त्या केस पुसत आल्या.

"कसं वाटलं गं?" आक्कांनी विचारले.

"बरं आहे," माई म्हणाल्या. "आत वाचायला काही नाही."

मित्रांनो, मी आता बाल्कनीत उभा असतो. तुमच्या घरी कधी मोडतोड निघाली, तर ठरलेले सगळे कागदावर घ्या, दोन प्रती करा, सह्या दोन्हींवर घ्या, आणि फोडण्याआधी, फोडल्यावर फोटो काढा. आणि जुन्या वस्तूवरून फडके फिरवण्याआधी एकदा घरातल्यांना विचारा. तिच्या पाठीवर कुणाचे काही राहिलेले असते.

परवा माई बाल्कनीत खुर्ची घेऊन बसल्या आणि पेन्सिलीने सगळे पुन्हा लिहू लागल्या, चौकटीपासून मेहुण्याच्या पान्यापर्यंत. सही मात्र केली नाही. अण्णा दारात उभे राहून बघत होते. ते आत गेले, फोन घेऊन आले, आणि त्यांनी माझा फोटो काढला.