वापराची वही

डॉक्टर केलने रिव्हॉल्व्हरकडे आधी पाहिलेसुद्धा नाही. त्याने कातड्याचे रिकामे म्यान दोन्ही हातांनी उचलले, तोंडाशी नेले, डोळे मिटले आणि आत नाक खुपसून एक लांब श्वास घेतला.

"घाम," तो म्हणाला. "अस्सल. घोड्याचाच ना?"

"घोड्याचा, वासरांच्या लाळेचा आणि डेल्मर रस्कच्या मांडीचा," ग्लेना म्हणाली. "वेगवेगळा करून नाही मिळायचा, डॉक्टर."

"इथं डॉक्टर नको गं, ग्लेना. डॉक्टर तिकडे फिनिक्सला. इथं मी जेड. आमच्या काउबॉय मंडळातलं नाव, कोल्डवॉटर जेड."

खिडकीपाशी बसलेल्या ऑरिनने मान खाली घातली. हातातल्या पोलादाच्या तुकड्यावर तो वेलीचे एक पान कोरत होता. कोरणी त्याने जरा जास्तच जोरात दाबली आणि पानाचा देठ तिरका गेला. केलने म्यानातून नाक काढले होते, पण नाकपुड्या अजून फुललेल्याच होत्या. त्याच्या अंगाला कसल्याशा महाग साबणाचा वास होता. टोपी नवीकोरी, तिच्या माथ्यावरचे खळगे वाफेवर कोणीतरी मन लावून पाडलेले. बुटांच्या टाचांना घोड्याला टोचायच्या आऱ्या लावलेल्या होत्या, आणि तो हलला की त्यांची चाके ग्लेनाच्या लाकडी जमिनीवर किणकिणत. बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीला टाच मारायला जागा कुठे होती, हे ऑरिनला विचारावेसे वाटले. तो कधीच कोणाला काही विचारत नसे.

ग्लेनाच्या दुकानातली रिव्हॉल्व्हरे दोन तऱ्हांनी जुनी होत. स्वस्तातली तेजाबाने: ओल्या बोळ्याने तासाभरात शंभर वर्षे. महागडी मात्र माणसाच्या कमरेला बांधून. नवे रिव्हॉल्व्हर डेल्मरकडे जाई. तो ते आठ महिने, वर्षभर बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी गुरांमागे हिंडवी. पावसात, बर्फात, काटेरी तारा ओढताना. नळीच्या टोकाची काळसर झिलई म्यानाला घासून उडे, मुठीचे अक्रोडाचे लाकूड तळव्याच्या चरबीने गडद होई. आणि प्रत्येक ओरखड्याची तारीख एका छोट्या, कातडी बांधणीच्या वहीत लिहिली जाई. मंगळवारी डेल्मर कॉफीला यायचा, काय काय झाले ते सांगायचा, आणि ऑरिन ते लिहायचा. गिऱ्हाइकाला रिव्हॉल्व्हरबरोबर ती वापराची वही मिळे.

वही ही ऑरिनची कल्पना होती. ग्लेनाने आधी नाक मुरडले होते. मग गिऱ्हाइके वहीविषयीच पत्रे पाठवू लागली, तेव्हा ती गप्प बसली. ऑरिन ती पत्रे जपून ठेवी. तो पंचवीस वर्षांचा होता, एकटा राहत असे, आणि त्याने लिहिलेले इतर काहीही आजवर कोणी वाचलेले नव्हते.

आता केलने रिव्हॉल्व्हर उचलले. खटका अंगठ्याने हळूहळू मागे ओढला. ग्लेनाच्या हातचे काम. चार टिचक्या स्वच्छ, वेगवेगळ्या वाजल्या. केलने 'अहाहा' म्हणून तोंड उघडले तेव्हा त्याचे दात दिसले. ते फार सरळ होते.

"हा ओरखडा?"

"सात नोव्हेंबर," ग्लेना म्हणाली. "फाटकाची कडी. वहीत आहे."

"वही मी काल हॉटेलवर वाचली. दोनदा." केल ऑरिनकडे वळला. "हे तू लिहिलंस? तू?"

ऑरिनने मान हलवली.

"पोरा, चौदा मार्चचं पान वाचून मी रडलो. माझी बायको विचारते, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एका माणसानं आपली घोडी मारली."

ऑरिनने कोरणी पुन्हा पोलादावर टेकवली. तेवढ्यात मागच्या अंगणात ट्रकचे दार आपटले. मंगळवार होता.

डेल्मर रस्क आत आला तो सरळ कॉफीच्या भांड्याकडे गेला. सत्तरीचा माणूस, गुडघ्यात वाकलेला, टोपीची कड घामाने काळी पडलेली. त्याने पेला भरला, एक घोट घेतला आणि मगच दुकानात गिऱ्हाईक आहे हे पाहिले.

"ही कॉफी कालची आहे, बाई."

"परवाची," ग्लेना म्हणाली. "डेल्मर, हे केल. तुझ्या कमरेला होतं ते रिव्हॉल्व्हर यांचं."

केलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही. "मिस्टर रस्क. काय बोलू? तुम्ही म्हणजे शेवटचे. तुमच्यासारखे आता राहिलेच नाहीत."

"माझा भाऊ आहे की," डेल्मर म्हणाला. "पण तो टायर विकतो."

केल खदखदून हसला. मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली. ऑरिनने कोरणी खाली ठेवली. आता केल वाचून दाखवणार हे त्याला दिसत होते, आणि ते थांबवण्यासाठी लागणारा आवाज त्याच्याजवळ नव्हता.

"मला हे तुमच्यासमोर वाचायचंय," केल म्हणाला. टोपी काढून त्याने छातीशी धरली. "'चौदा मार्च. ओढ्यावरच्या बर्फाला पहाटेची निळाई होती. घोडीचा पुढचा पाय गेला, आणि त्या सकाळचा सगळा आवाज त्याच्याबरोबर गेला. त्याने टोपी काढली. एकच गोळी. मग बर्फावर वाफ, आणि शांतता.'"

'एकच गोळी' या शब्दांपाशी डेल्मरने पेला ओठांपासून दूर केला. त्याने केलकडे पाहिले नाही. त्याने खिडकीकडे पाहिले, जिथे ऑरिन बसला होता.

घोडी गेल्यानंतरच्या मंगळवारी डेल्मर असाच आला होता, पण बसला नव्हता. उभ्याउभ्याच म्हणाला होता, वहीत लिहावं लागतं ना, म्हणून सांगतो. पहिली हाडावरून घसरली. दुसरी खाली लागली, जबड्यात. बोटं गोठली होती माझी. मग ती उठायला लागली रे, ऑरिन, तीन पायांवर, आणि माझ्याकडेच यायला लागली. तिसरी कानामागून. आणि त्याने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवले होते. पाच भरलेल्या घरांतली तीन रिकामी झाली होती. ऑरिनने स्वतःच्या हातांनी त्या रिकाम्या पुंगळ्या काढल्या होत्या.

त्या रात्री ऑरिनने ते जसेच्या तसे लिहिले. मग वाचले. तीन गोळ्यांनी परिच्छेद विद्रूप होत होता; जबडा तर कोठेच बसेना. त्याने पान फाडले. 'एकच गोळी' लिहिल्यावर वाक्याला ताल आला, आणि त्याला, आठवून आता अंगावर काटा यावा असा, आनंद झाला होता. घोडीचे नाव त्याला माहीत होते. आठ वर्षे डेल्मरला मागच्या अंगणात घोडीच्या ट्रेलरच्या फटीतून तिच्याशी बोलताना तो ऐकत आला होता: दोनच मिनिटं हं, बिस्किट, आलोच. ती त्याचाही तळवा चाटायची. पण 'बिस्किट' हा शब्द त्या निळ्या बर्फावर हास्यास्पद दिसला असता. म्हणून त्याने नाव लिहिले नाही.

"टोपी काढली होतीत तुम्ही," केलचा आवाज भरून आला होता. "त्या क्षणीसुद्धा."

"वहीत तसं असेल तर काढली असेल," डेल्मर म्हणाला.

"एकच गोळी. हात थरथरला नाही?"

डेल्मरने कॉफीचा पेला टेबलावर ठेवला आणि त्याचा कान सरळ केला.

"चांगलं लिहिलंय पोरानं," तो म्हणाला.

ऑरिनला वाटले, याहून त्याने थोबाडीत मारली असती तर बरे झाले असते.

"तिचं नाव काय होतं?" केल म्हणाला. "वहीत नाव नाहीये. मला ते इथं हवंय." त्याने मुठीच्या पाठीवरची पोलादी पट्टी अंगठ्याने चोळली. "कोरून. आत्ता. मी थांबतो हवा तेवढा वेळ. पुढच्या महिन्यात टेक्सासला आमच्या मंडळाचा मेळावा आहे, चारशे माणसं येतात. मी रिव्हॉल्व्हर बाहेर काढीन, आणि प्रत्येक जण विचारेल, ही कोण? आणि मी सांगेन." त्याने ओठ आवळले. "मी तिला जिवंत ठेवीन, मिस्टर रस्क."

 ग्लेना एका फडक्याने आधीच स्वच्छ असलेला गल्ला पुसू लागली. ऑरिन डेल्मरच्या तोंडाकडे पाहत होता. सांगू नकोस, असे त्याच्या मनात आले, आणि लगेच त्याची त्याला किळस आली. त्याने काय मागावे आता या माणसाकडे? त्या नावाची तीन अक्षरे उरली होती डेल्मरजवळ, बाकी सगळे ऑरिनने स्वतःच सुबक करून बाहेर दिले होते.

"डचेस," डेल्मर म्हणाला.

"डचेस!" केलने डोळे मिटले. "अर्थात. डचेसच. दुसरं काय असणार?"

डेल्मरचा चेहरा काहीच सांगत नव्हता. तो ऑरिनकडे पाहत होता.

"ऐकलंस ना, पोरा? डचेस. कोर."

ऑरिनने पट्टी सोडवली आणि पकडीत आवळली. अक्षरांच्या रेघा पेन्सिलीने आखल्या. त्याचा हात थरथरला असता तर त्याला बरे वाटले असते. पण हात शहाण्यासारखा चालत राहिला, वळणे भरदार निघाली, आणि पोलादाच्या बारीक कुरळ्या कपच्या त्याच्या मनगटावर साचत गेल्या. केल खांद्यावरून वाकून पाहत होता. त्याच्या श्वासाला पुदिन्याचा वास होता. 'काय हात आहे, काय हात आहे,' असे तो प्रत्येक अक्षरागणिक पुटपुटत होता.

पाऊण तास लागला. डेल्मर तेवढा वेळ भिंतीला टेकून उभा राहिला. त्याने परवाची कॉफी संपवली.

पट्टी परत बसवल्यावर केलने नावावरून बोट फिरवले. मग काही आठवल्यासारखे त्याने वर पाहिले.

"त्या गोळीची पुंगळी? ठेवली असेल ना कोणी?"

"ऑरिन सगळं ठेवतो," ग्लेना म्हणाली. पुंगळ्या तीन आहेत हे तिला माहीत नव्हते.

ऑरिनने खण ओढला. तंबाखूच्या चपट्या डबीत पितळेच्या तीन पुंगळ्या शेजारीशेजारी पडल्या होत्या. डबी खणाबाहेर न काढता त्याने एक पुंगळी उचलली आणि खण लावून घेतला. पण डेल्मर उभा होता तिथून खणाच्या आतले दिसत होते. केलने पुंगळी तळहातावर घेतली, तिच्या तोंडावर ओठ ठेवून हळूच फुंकर मारली. एक बारीक शीळ उमटली. ती ऐकून तो लहान मुलासारखा खूश झाला.

तो गेला तेव्हा त्याच्या आऱ्यांची किणकिण पार गाडीपर्यंत ऐकू आली. दाराशी त्याने वळून डेल्मरला टोपी उचलून सलाम केला होता. डेल्मरने दोन बोटे वर केली होती.

"मला खरं तर त्याचा राग येत नाही," ग्लेना म्हणाली. "बावळट आहे, पण मनानं स्वच्छ आहे." मग तिने गल्ल्याखालून नवा पट्टा काढला, नवे रिव्हॉल्व्हर, आणि कोऱ्या वहीचे पुडके. "हे कोलोरॅडोच्या एका वकिलाचं. पुढची थंडी संपेपर्यंत."

डेल्मरने पट्टा कमरेला बांधला. तो कितव्या भोकात बसतो हे त्याला पाहावे लागत नसे. मग त्याने पुडके सोडून कोरी वही काढली, उलटसुलट करून पाहिली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"ही माझ्याकडे राहू दे."

"तू लिहिणार?" ग्लेना हसली. "तुला लिहिता येतं?"

"तारखा येतात."

तिने ऑरिनकडे पाहिले. ऑरिन मनगटावरच्या कपच्या झटकत होता. एक कातडीत रुतली होती, ती निघत नव्हती.

डेल्मर खिडकीपाशी आला. त्याने हात पुढे केला, तळवा वर.

"बाकीच्या दोन."

ऑरिनने खण उघडून त्या त्याच्या हातावर ठेवल्या. काहीतरी म्हणायला हवे होते. तीन आठवडे त्याच्याजवळ माफीचे एक वाक्य तयार होते, आणि ते फार चांगले वाक्य होते. नेमके म्हणूनच त्याला ते तोंडातून काढवेना.

"डचेस?" एवढेच तो म्हणाला.

"त्या वहीतल्या घोडीचं नाव," डेल्मर म्हणाला. "एका गोळीत गेली ती. नशीबवान." त्याने मूठ मिटली. "माझी नव्हे ती."

त्याने पुंगळ्या पँटच्या खिशात टाकल्या आणि मागच्या दाराने बाहेर पडला. अंगणातून जाताना त्या एकमेकींवर हलकेच वाजत होत्या. ट्रकच्या मागे ट्रेलर अजून जोडलेलाच होता. त्याच्या बाजूने जाता जाता डेल्मर फटीपाशी थांबला, आत कोणी नाही हे जणू आत्ताच आठवल्यासारखा, आणि मग पुढे जाऊन ट्रकमध्ये चढला.