कौसल्याच्या हातातला माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. आधीच सांगून ठेवतो, मला टकटक केलेली चालते, पण कुणी फुंकर मारली की माझं डोकं सणकतं. फुंकर मारायला मी काय वाढदिवसाची मेणबत्ती आहे?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, कोण जाणे. अंगावरचं नाव केव्हाच झिजून गेलं. राजारामने मला सेकंडहँड घेतलं, तेव्हा तो परळमध्ये लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा. गिरगावातली लग्नं, लालबागचे गणपती, शिवडीच्या गोदीतल्या कामगारांच्या सभा, सगळीकडे मी मिरवलो. एकदा एक पुढारी हातवारे करता करता मला घेऊन स्टेजवरून खाली कोसळला. माझ्या जाळीला पोचा आला. त्याचं भाषण तिथेच थांबलं, मी मात्र ठणठणीत! राजाराम तो पोचा दाखवून गिऱ्हाइकांना म्हणायचा, "बघा, पैसा वसूल माल आहे."

पण माझा खरा मानाचा दिवस म्हणजे भीमजयंती. राजारामची बायको कौसल्या महिला मंडळाच्या पुढे उभी राहून, स्वतः रचलेला भीमाचा पाळणा गायची. तिची एक रीत होती. पदराने माझी जाळी पुसायची, दोन बोटांनी टकटक करायची आणि विचारायची, "जय भीम! माझा आवाज येतोय का?" अख्खा मंडप ओरडायचा, "येतोय!" मग तिचा सूर असा काही लागायचा की माझ्या तारांमधून काटा यायचा. खोटं नाही सांगत.

पुढे भिंतीएवढे स्पीकर आले, बिनवायरचे माइक आले. राजारामचा धंदा बसला. मी एका जुन्या मोज्यात गुंडाळलेला पोटमाळ्यावर जाऊन पडलो. वाईट वाटलं. खूप वाटलं.

त्यांची मुलगी अपूर्वा मोठी झाली. दिवसा फोर्टमधल्या ऑफिसात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी घरात गाण्यांचं रेकॉर्डिंग. काय पोरगी आहे ती! कुणीतरी विकायला काढलेला लॅपटॉप, फुकटात मिळणारं सॉफ्टवेअर आणि माइक लॅपटॉपला जोडायची एक छोटीशी पेटी, एवढ्यावर तिचा संसार. लोक महागड्या स्टुडिओत जाऊन जे करतात, ते ही दारावर गोधडी लटकवून करायची. प्रत्येक वस्तूकडून पुरेपूर काम काढून घ्यायची कला तिच्या बोटांत आहे.

मग एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं, कौसल्याच्या गळ्यातली गाठ काढावी लागेल. ऑपरेशननंतर बोलता येईल, पण गाणं जमेलच असं नाही. इतकी वर्षं गायलेल्या बाईचं एक धड रेकॉर्डिंग घरात नव्हतं. कुणाच्या मोबाइलमध्ये दोन तुकडे होते, त्यात ढोल जास्त आणि कौसल्या कमी.

"आईचा पाळणा मी रेकॉर्ड करणार," अपूर्वा म्हणाली, "आणि एकदम टॉपचा." तिने दिवाळीचा अख्खा बोनस ओतून एक नवाकोरा स्टुडिओ माइक आणला. दिसायला राजबिंडा, कान इतके तिखट की मुंगी चालली तरी ऐकेल.

आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या चाळीत काय मुंगीच चालते? शेजारच्या शेवंतीकाकूंचा कुकर, खालच्या नळावरच्या बादल्या, कुणाची तरी मालिका, पठ्ठ्याने सगळं टिपलं. धाकटा भाऊ सम्यक धावून आला. "ताई, टेन्शन नको. आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर आहे, एक महिना फ्री." त्याने कुकर पुसला, पण त्याबरोबर कौसल्याचा श्वासही पुसला गेला.

"ही मी आहे?" कौसल्या म्हणाली. "विहिरीत पडल्यासारखी काय गातेय!"

ऑपरेशन परवावर आलेलं. कौसल्या त्या राजबिंड्यासमोर पुन्हा उभी राहिली, पण सूर काही लागेना. शेवटी ती वैतागली. "अगं, हातात काहीतरी दे. हात रिकामा असला की मला गाता येत नाही."

राजारामने मला माळ्यावरून काढलं. मला कशालाच जोडलेलं नव्हतं, नुसतं हातात धरायला दिलं. कौसल्याने पदराने माझी जाळी पुसली, टकटक केलं. "जय भीम! माझा आवाज येतोय का?" आणि ती गायला लागली. तीच ती, मंडपातली!

अपूर्वाने कपाळावर हात मारला. "थांब आई, थांब! मीच खुळी आहे गं." तिने मला वायर लावली. तुम्हाला सांगतो, मला लांबचं ऐकूच येत नाही. तोंडाशी धरलं तरच ऐकतो. हा माझा दोष म्हणा, पण त्या दिवशी तोच कामी आला. कुकर शिट्ट्या मारत राहिला, मी एकट्या कौसल्याला ऐकत राहिलो. फुकटच्या सॉफ्टवेअरवर अपूर्वाने ते इतकं नेटकं बसवलं की राजारामने तोंड फिरवून डोळे पुसले.

ऑपरेशन नीट झालं. पण गळ्यात घोगरेपणा राहिला, गाणं गेलं. घरी आल्यावर अपूर्वाने तिच्या कानाला हेडफोन लावले. पाळणा संपेपर्यंत कौसल्या हलली नाही. मग तिने मला उचललं. मी पुन्हा कशालाच जोडलेला नव्हतो. पदराने पुसलं, टकटक केलं आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात विचारलं, "जय भीम. माझा आवाज येतोय का?"

अपूर्वाला रडू फुटलं. आणि भिंतीपलीकडून, कुकरच्या शिट्टीवरून, शेवंतीकाकूंची हाक आली, "येतोय गं कौसल्ये, येतोय!"

मित्रांनो, नवी वस्तू घ्या, हौसेने घ्या. पण आधी स्वतःच्या माळ्यावर एकदा हात घालून बघा. घरात कुणी गात असेल, तर ते आजच साठवून ठेवा. आणि कुणी विचारलं, माझा आवाज येतोय का, तर वाट बघायला लावू नका. लगेच सांगा, येतोय.